आधी खोपोली, मग खंडाळा

कर्जतहून सुटलेली खोपोली लोकल पळसदरी सोडली की पुण्याच्या मुख्य मार्गापासून फुटते आणि एकेरी रुळावरून केळवली, डोलवली, लौजी करत पंधरा किलोमीटरवर खोपोलीला जाऊन थांबते. पुढे रूळ नाहीत, समोर सह्याद्री उभा. खोपोलीकरांना ही लोकल जीव की प्राण, पण नवख्या माणसाला प्रश्न पडतोच, की घाट चढायचाच नव्हता तर लाइन या कोपऱ्यात आणली कशाला?

घाट चढायचा होता, पण त्याला वेळ लागणार होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी बोरघाटाची पाहणी केली तेव्हाच हे काम काही वर्षं खाणार हे उघड होतं. सुमारे २५ किलोमीटरची चढण, १,८३१ फुटांची उंची, २५ बोगदे, आणि त्यात पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ ठप्प. मग कंपनीने घाट पुरा होण्याची वाट पाहिली नाही. मे १८५६ मध्ये पायथ्याच्या खोपोलीपर्यंत गाडी सुरू केली. जून १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे सुरू केली. मधला डोंगर प्रवाशांनी डोलीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने पार करायचा. गैरसोय होती, पण दोन्ही बाजूंना तिकिटं खपत होती, माल हलत होता, आणि मधल्या डोंगरात सुरुंग उडत होते. सलग गाडी एप्रिल १८६३ मध्ये धावली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर उद्घाटनाला आले, तोवर खोपोलीच्या स्टेशनाने सात वर्षं चाकरी बजावली होती.

मोठं काम पूर्ण होईपर्यंत लोकांच्या हाती काहीच न देणं, ही कार्यालयांची जुनी खोड आहे. ग्रामपंचायतीत जुन्या नोंदी संगणकावर चढवायच्या ठरल्या की लिपिक सर्वांत जुनं दप्तर उघडून पहिल्या पानापासून बसतो. वर्षभराने तो कुठल्या तरी जीर्ण रजिस्टरात अडकलेला असतो आणि गेल्या दहा वर्षांतला दाखला मागायला आलेल्या माणसाला अजूनही 'उद्या या' ऐकावं लागतं. रोज मागणी असलेली दहा वर्षं आधी चढवली असती, तर दुसऱ्याच महिन्यात खिडकीवरची गर्दी कमी झाली असती. यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. कामाचा उपयोग कुणाला आणि कधी सुरू होणार, एवढं आधी विचारावं लागतं.

व्यवस्थापनावर मराठीत लिहायचं तर शिवाजी महाराजांपासून सुरुवात करण्याची रीत आहे, आणि त्यांच्या लढाईची उंबरखिंडही खोपोलीच्याच खालापूर तालुक्यात आहे. तो मोह आवरून घाटातच थांबलेलं बरं, कारण घाटाच्या कामात यशाइतक्याच चुकाही ठळक आहेत.

पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. जानेवारी १८५६ मध्ये त्याने काम हाती घेतलं. हजारो मजूर डोंगरात राहत होते आणि त्यांच्यापर्यंत पैसा पोचत होता तो पोटकंत्राटदार आणि मुकादम यांच्या हातांतून. मजुरी थकली, आणि १८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. दगड किती कठीण आहे याचा अंदाज अभियंत्यांना होता, पण सर्वांत खालच्या माणसाच्या हातात शेवटी काय पडतं याची खबर वर पोचायची सोय नव्हती. काम अडलं ते तिथे. आजही ठेकेदाराची माणसं कामावर यायची बंद होतात तेव्हा साहेबाला ते दोन दिवसांनी कळतं. कारण ज्याला आधी कळलं होतं, त्याने कुणाला सांगायचं हे कधी ठरलेलंच नसतं.

नंतर आला सॉलोमन ट्रेडवेल. १८५९ च्या पावसाळ्याअखेर तो इथे पोचला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. कंत्राट वाऱ्यावर, आणि पाऊस ओसरून कामाचा हंगाम तोंडावर. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं. ती अभियंता नव्हती, आणि असल्याचा आवही तिने आणला नाही. घाटातलं प्रत्यक्ष काम तिने स्वेन्सन अ‍ॅडमसन आणि जॉर्ज क्लाउझर या दोघांवर सोपवलं. अधिकार दोघांकडे, जबाबदारी तिच्याकडे. १८६१ च्या जानेवारीत घाटात ४२ हजारांवर माणसं काम करत होती. पटकीच्या साथींनी हजारो मजूर दगावले. त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत, आणि घाटाच्या यशाचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. तरीही दोन कंत्राटदार गमावलेलं काम तडीस गेलं. याचं श्रेय बर्कली यांच्या आराखड्याला आहे, तसंच 'मला यातलं कळत नाही, कळणारा माणूस मी नेमते' असा निर्णय घेणाऱ्या बाईलाही आहे. एखाद्या विभागाचा प्रमुख अचानक बदलला की नव्याने आलेला माणूस पहिल्या महिन्यात सगळं स्वतः तपासायला लागतो. त्याने अ‍ॅलिसबाईंकडून हे शिकायला हरकत नाही.

आणि एक चूक उशिरा कळली. १८६७ च्या पावसात घाटातला एक दगडी पूल कोसळला. गाडी सुरू होऊन चार वर्षं झाली होती. मग कंपनीने आपल्या मार्गावरची इतर बांधकामं तपासली, तर अनेक ठिकाणी दगडकाम कच्चं निघालं. उद्घाटनाची फीत कापली म्हणून काम संपत नाही. 'संपलं' असं कोण म्हणणार आणि काय तपासून म्हणणार, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवलेलं असलं तर पूल पडण्याची वाट पाहावी लागत नाही.

हे सगळं घडलं तेव्हा प्रकल्प व्यवस्थापन नावाची विद्या जन्मलेली नव्हती. हेन्री गँटचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते आले १९१० च्या दशकात. कुठलं काम लांबलं तर सगळंच लांबतं हे शोधण्याची 'क्रिटिकल पाथ' पद्धत ड्युपाँट कंपनीत १९५७ मध्ये आकाराला आली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तिचीच एक बहीण वापरली. आज यावर प्रमाणपत्रं मिळतात, महागडे अभ्यासक्रम चालतात. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण तक्त्याच्या प्रेमात पडलेली माणसं बरेचदा तक्ताच अद्ययावत करत बसतात आणि काम तिथेच राहतं, हेही खरं.

क्रिटिकल पाथ समजून घ्यायला कर्जतच्या भातशेतकऱ्याला ड्युपाँटकडे जावं लागत नाही. राब भाजायचा तो उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आत. पहिल्या पावसावर पेरा. तीनेक आठवड्यांत आवण, म्हणजे भाताची रोपं, लावणीजोगं होतं, आणि तेव्हा खाचरात चिखलणी होऊन पाणी उभं असलं पाहिजे, माणसंही हाताशी असली पाहिजेत. यातलं बांधबंदिस्तीचं काम चार दिवस मागेपुढे झालं तर भागतं. आवणाचं वय मात्र कुणासाठी थांबत नाही. ते जून झालं की फुटवे कमी येतात, आणि हुकलेला आठवडा मग खत ओतून परत मिळत नाही. जाणता शेतकरी म्हणून सगळा राब एकाच दिवशी पेरत नाही. माळाच्या, पाणी लवकर आटणाऱ्या जमिनीला हळवं बियाणं, खोलगट खाचराला गरवं, आणि दोन पेऱ्यांत काही दिवसांचं अंतर. लावणीला येणारी तीच माणसं मग एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकतात. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या जातींच्या माहितीतही किती दिवसांत तयार होते हा आकडा ठळकपणे दिलेला असतो. सगळं नियोजन त्याच आकड्यावर उभं राहतं.

शहरातल्या कचेरीत याच्या उलट घडतं. दहा कामांची यादी असते, दहाही 'अर्जंट' असतात, आणि त्यांतलं नेमकं कुठलं काम जून होत चाललंय हे कुणी पाहत नाही.

घाटाखाली राहणाऱ्यांना आणखी एक शाळा फुकट मिळते, ती रविवारच्या मेगाब्लॉकची. प्रवासी शिव्या घालतात, त्यांचंही बरोबर आहे. पण रुळांवरच्या माणसांकडे पाहिलं तर चार-पाच तास कसे वापरायचे हे कळतं. सामान आदल्या रात्रीच जागेवर येऊन पडलेलं असतं. वीज बंद झाल्याचा निरोप मिळून तारा अर्थ केल्याशिवाय वर कुणी हात घालत नाही. वेळ संपायच्या आत मार्ग योग्य असल्याची सही व्हावी लागते, म्हणजे शेवटचा काही वेळ कामाचा नसतोच, तपासणीचा असतो. बैठकीला बसल्यावर 'फाइल आणायला कुणी गेलंय का?' असं विचारणाऱ्या खात्यांनी एकदा हा ब्लॉक पाहावा. पावसाळ्याआधी घाटात आणखी एक काम चालतं. रेल्वेची हिल गँग कडे चढून सैल धोंडे हेरते, त्यांच्यावर खुणा करते, आणि मग ब्लॉक घेऊन ते धोंडे मुद्दाम खाली पाडले जातात. जुलैच्या रात्री ते आपणहून पडण्यापेक्षा मे महिन्यात आपल्या सोयीने पाडलेले बरे.

धोक्यांची यादी करणं हे व्यवस्थापनाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. यादीचं काय होतं, हे खालापूरने फार वेदनेने पाहिलं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले, तेव्हा शोध थांबवावा लागला. वर जायला पायवाटच होती, त्यामुळे यंत्रं नेता आली नाहीत आणि बचाव पथकांना हातांनी माती उपसावी लागली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारने त्याच आठवड्यात विधिमंडळात सांगितलं. यादी म्हणजे ती केली त्या दिवसापुरती माहिती. ती पुन्हा कधी तपासायची आणि कुणाच्या सांगण्यावरून तिच्यात नवं नाव घालायचं, हे यादीच्याच डोक्यावर लिहिलेलं असायला हवं. कारखान्यातली सुरक्षा यादी असो वा शाळेच्या सहलीची, तारखेशिवाय आणि जबाबदार माणसाच्या नावाशिवाय तिला फारसा अर्थ नसतो.

हे सगळे पाठ एका माणसाच्या कामात एकत्र पाहायचे असतील तर कर्जतच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेबरोबर एक लसीकरण सत्र पाहावं. तिच्या हुद्द्यात 'प्रकल्प' हा शब्द कुठेच नाही.

सत्र असतं एखाद्या कातकरी वाडीत, पण सुरू होतं तिथल्या आशा कार्यकर्तीच्या, म्हणजे आशाताईंच्या यादीपासून. कुठल्या बाळाची कुठली लस आली आहे, घर कुठलं, आई कुठे कामाला जाते. यादीतल्या आकड्यावरून लशी मागवायच्या. सकाळी बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून लगेच पेटीत घालायच्या नाहीत. बाहेर ठेवायच्या, आणि कानाजवळ हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायच्या, कारण काही लशी गोठल्या की वाया जातात. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकायची. म्हणून वाडीत पोचल्याबरोबर ती फोडून चालत नाही. आया पाणी भरून, चूल आवरून कधी येतात याचा अंदाज आशाताईंना असतो, आणि कुपी कधी उघडायची हे त्या अंदाजावर ठरतं. पेंटाव्हॅलेंटची उघडी कुपी मात्र नीट सांभाळली तर २८ दिवस चालते. तिथे घाई नाही. म्हणजे एकाच पेटीत दोन घड्याळं चालू असतात आणि परिचारिकेला दोन्ही पाहावी लागतात.

खरी अडचण वेगळीच. दिवाळी झाली की कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या वाड्यांतली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, आणि परततात ती पावसाच्या तोंडावर. ऑक्टोबरमध्ये साडेआठ महिन्यांचं असलेलं बाळ कागदावर नोव्हेंबरच्या सत्राला पात्र होतं, पण तेव्हा घराला कुलूप असतं. गोवर-रुबेलाची लस नऊ महिन्यांआधी देता येत नाही आणि कुटुंब थांबवता येत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो तो मुकादम. भट्टी कुठल्या गावात आहे हे त्याच्याकडून उचल घेतली त्याच दिवशी कळू शकतं, आणि ते वहीत टिपून ठेवलं तर तिथल्या परिचारिकेला फोन करता येतो. आईजवळचं माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर गेलं तर पुढचा डोस कुठेही देता येतो. म्हणून ते कार्ड घराच्या आढ्यात खोचून न ठेवता पिशवीत घाला, हे दिवाळीआधीच्या सत्रात प्रत्येक आईला बजावून सांगायचं असतं.

दुपारी न उघडलेल्या कुप्या त्याच दिवशी शीतसाखळी केंद्रात परत जातात. राहिलेल्या बाळांची नावं, न येण्याच्या कारणासकट, पुढच्या महिन्याच्या यादीत वर चढतात. 'ताप होता' आणि 'भट्टीवर गेले' ही दोन कारणं परिचारिका वेगवेगळ्या रकान्यांत लिहिते, कारण पहिल्या घरी आठवड्याने पुन्हा जायचं असतं आणि दुसऱ्यासाठी फोन लावायचा असतो.