गर्भधारणेची घरगुती चाचणी : तिचा काळ व तिची विश्वसनीयता

गर्भ राहिला आहे किंवा नाही हे शक्य तितक्या लवकर जाणण्याची इच्छा मानवाइतकीच जुनी आहे. प्राचीन ईजिप्तमधील पपायरसांत या निदानाची एक रीत नमूद केलेली आढळते. स्त्रीने गव्हाच्या व जवाच्या दाण्यांवर प्रतिदिनी मूत्र शिंपावे, व दाणे अंकुरल्यास ती गर्भवती आहे असे समजावे, असे तिचे स्वरूप होते. १९६३ साली ही रीत प्रयोगाने पडताळून पाहण्यात आली. तेव्हा सुमारे ७० टक्के गर्भवती स्त्रियांच्या मूत्राने दाणे अंकुरले, असे आढळले. यावरून त्या रीतीला शास्त्रीय आधार होता असे ठरत नाही. परंतु गर्भधारणेची खूण मूत्रात शोधावी ही कल्पना किती जुनी आहे, हे मात्र त्यावरून ध्यानात येते.

ही खूण कोणती, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिन येथे आशहाइम व झोन्डेक या शास्त्रज्ञांनी गर्भवती स्त्रीचे मूत्र अप्रौढ उंदरीस टोचले असता तिच्या अंडाशयात विशिष्ट बदल घडून येतात, असे दाखविले. पुढे उंदरीची जागा सशाने घेतली, व नंतर दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस जातीच्या बेडकीने. बेडकीला मारावे लागत नसे. टोचल्यानंतर काही तासांतच ती अंडी घाली. १९६० साली स्वीडनमध्ये वाइड व गेमझेल यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने हीच परीक्षा नलिकेत करून दाखविली, आणि प्राण्यांची आवश्यकता संपली. त्यानंतर काही वर्षांतच मार्गारेट क्रेन या आरेखनकार स्त्रीने ही परीक्षा प्रयोगशाळेतून घरात आणण्याची कल्पना मांडली, आणि १९७० नंतरच्या दशकात घरगुती चाचणीची पेटी प्रथम कॅनडात व नंतर अमेरिकेत विक्रीस आली. आज औषधांच्या कोणत्याही दुकानात मिळणारी लहानशी पट्टी ही या परंपरेतील शेवटची पायरी होय.

या पट्टीचे कार्य समजून घेतल्याखेरीज तिच्या विश्वसनीयतेचा विचार करता येणार नाही. फलित अंड गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागले म्हणजे त्याच्या बाह्य आवरणातील पेशी ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, संक्षेपाने एचसीजी, या संप्रेरकाची निर्मिती करू लागतात. अंडाशयातील पीतपिंड टिकवून धरणे, व त्यायोगे ऋतुस्राव लांबविणे, हे या संप्रेरकाचे पहिले कार्य होय. त्याचे दोन घटक असतात. आल्फा घटक पीयूषिका ग्रंथीच्या अनेक संप्रेरकांतही आढळतो; बीटा घटक मात्र त्याचा स्वतःचा असतो. १९७२ साली या बीटा घटकाविरुद्धचे प्रतिपिंड वापरून केलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. तीमुळे एचसीजी व पीतपिंडकारी संप्रेरक यांतील गल्लत टाळणे शक्य झाले.

पट्टीवर दोन प्रकारचे प्रतिपिंड योजिलेले असतात. पहिले सुवर्णाच्या किंवा अन्य रंगीत पदार्थाच्या सूक्ष्म कणांना जोडलेले असून ते मूत्राबरोबर पुढे वाहत जातात. दुसरे चाचणीच्या रेषेवर स्थिर केलेले असतात. मूत्रात एचसीजी असल्यास त्याचा रेणू दोन्ही प्रतिपिंडांच्या मध्ये अडकतो, कण रेषेवर गोळा होतात व रेषा उमटते. नियंत्रणाची दुसरी रेषा गर्भधारणेविषयी काहीच सांगत नाही. मूत्र पट्टीवरून नीट वाहिले एवढेच ती दर्शविते. ती न उमटल्यास चाचणी निरर्थक समजावी व नवी पट्टी घ्यावी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ही पट्टी गर्भ पाहत नाही. ती एका संप्रेरकाचे अस्तित्व पाहते, आणि तेही एका ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक पट्ट्यांवर ही मर्यादा मिलीलिटरमागे २५ मिलि-आंतरराष्ट्रीय एकके अशी दिलेली असते. चाचणी केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच मूत्रातील संप्रेरक ही मर्यादा केव्हा ओलांडते यावर अवलंबून आहे.

या संबंधात अमेरिकेतील विलकॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांचे अभ्यास फार महत्त्वाचे आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अंडमोचनानंतर ६ ते १२ दिवसांच्या दरम्यान गर्भाचे रोपण होते. सहा आठवडे वा अधिक टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांत ते आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी झाले होते. रोपणापूर्वी मूत्रात शोधण्याजोगे एचसीजी नसते. रोपणानंतर आरंभी त्याचे प्रमाण साधारणतः दर दोन दिवसांनी दुप्पट होत जाते. पाळी चुकण्याच्या चार-पाच दिवस आधी केलेल्या चाचणीचा नकार म्हणूनच फारसा अर्थपूर्ण नसतो. ज्याची निर्मिती नुकती सुरू झाली, किंवा झालीच नाही, ते पट्टीला कसे दिसावे?

याच गटाने २००१ साली आणखी एक निष्कर्ष मांडला. पाळी अपेक्षित असलेल्या पहिल्या दिवशी सुमारे १० टक्के गर्भधारणांत रोपणच झालेले नसते. याचा अर्थ असा की, चाचणी कितीही सूक्ष्म असली तरी त्या दिवशी तिला ९० टक्क्यांहून अधिक गर्भधारणा ओळखता येणार नाहीत. आणखी एक आठवडा थांबल्यास ही कमाल मर्यादा सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. पहिली मर्यादा शरीराची आहे, पट्टीची नव्हे. पट्टीची मर्यादा याहून निराळी, व तिचीही भर पडते. २००४ साली कोल व सहकाऱ्यांनी १८ प्रकारच्या घरगुती चाचण्या तपासल्या. पाळी चुकण्याच्या सुमारास ९५ टक्के गर्भधारणा ओळखावयाच्या असतील तर १२.५ एककांइतकी संवेदनशीलता हवी, असे त्यांचे अनुमान होते. परंतु त्या अठरांपैकी केवळ एकच चाचणी या कसोटीस उतरली.

असे असता वेष्टनावर '९९ टक्के अचूक' असे छापलेले का आढळते? हा आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतील असतो. ज्ञात प्रमाणात एचसीजी मिसळलेले नमुने प्रशिक्षित व्यक्तीने तपासले असता पट्टी कितपत अचूक उत्तर देते, याचे ते मापन होय. प्रत्यक्ष वापरात स्त्री चाचणी कोणत्या दिवशी करते, सूचना कशा पाळते व रेषा केव्हा वाचते, यांवर फलित ठरते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात अभ्यासकांनी पुरविलेल्या मूत्राची परीक्षा स्वयंसेवकांनी केली तेव्हा संवेदनशीलता ९१ टक्के आढळली. स्त्रियांनी स्वतःच्या मूत्राची परीक्षा केली तेव्हा ती ७५ टक्क्यांवर आली.

शिवाय अचूकता हा एकच आकडा नव्हे. उदाहरणादाखल, एखाद्या चाचणीची संवेदनशीलता ८० टक्के व विशिष्टता ९८ टक्के आहे असे गृहीत धरू. चाचणी करणाऱ्या १००० स्त्रियांपैकी ३०० गर्भवती असतील तर २४० ओळखल्या जातील व ६० निसटतील. उरलेल्या ७०० पैकी ६८६ जणींना खरा नकार व १४ जणींना खोटा होकार मिळेल. म्हणजे होकार मिळालेल्या २५४ जणींपैकी सुमारे ९४ टक्के खरोखर गर्भवती असतील. परंतु नकार मिळालेल्या ७४६ जणींपैकी ६०, म्हणजे बारांत एक, गर्भवती असूनही तसे नाही असे समजेल. आता गर्भवती केवळ ५० असतील तर खऱ्या ४० होकारांबरोबर १९ होकार खोटे निघतील. चाचणी तीच, पण तिच्या उत्तराचे मोल कोणाच्या बाबतीत व केव्हा ती केली यावरून बदलते. पाळी चुकलेल्या स्त्रीला मिळालेला होकार बहुधा खरा असतो. लवकर मिळालेला नकार मात्र तात्पुरता समजावा.

खोट्या नकाराची कारणे बहुतेक साधी असतात : घाई, पुष्कळ पाणी प्याल्याने पातळ झालेले मूत्र, मुदत उलटून गेलेली पट्टी, किंवा नेमून दिलेल्या वेळेपूर्वी केलेले वाचन. क्वचित याच्या उलट कारणही घडते. संप्रेरक किंवा त्याचे तुकडे फारच विपुल असल्यास दोन्ही प्रतिपिंड वेगवेगळ्या रेणूंनी व्यापले जातात, त्यांना जोडणारा दुवा राहत नाही व रेषा फिकट होते. अशा वेळी मूत्रात पाणी मिसळून पुन्हा परीक्षा केल्यास होकार येतो.

खोटा होकार तुलनेने विरळा असतो. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीची सुई दिली असल्यास ते शरीरातून निघून जाण्यास सुमारे १० ते १४ दिवस लागू शकतात. प्रसूती वा गर्भपातानंतरही ते काही आठवडे मूत्रात राहते. द्राक्षगर्भ व काही अर्बुदे यांतही ते निर्माण होते. वाळलेल्या पट्टीवरची रंगहीन छाया पुष्कळदा रेषा समजली जाते; म्हणून वेळ टळल्यावर पट्टी वाचू नये. गर्भनिरोधक गोळ्या किंवा सामान्य प्रतिजैविके यांचा मात्र फलितावर परिणाम होत नाही.

आणखी एका प्रकाराला खोटा होकार म्हणणे योग्य नव्हे. १९८८ च्या अभ्यासात, मूत्रातील संप्रेरकावरून ओळखलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे २२ टक्के गर्भधारणा अन्य लक्षणांनी ध्यानात येण्यापूर्वीच संपुष्टात आल्या, असे दिसून आले. पूर्वी अशा स्त्रीला पाळी दोन-चार दिवस उशिरा आली एवढेच वाटे. अतिसूक्ष्म चाचणीमुळे तिला आता आधी होकार मिळतो व मग स्राव होतो. चाचणी जितकी लवकर, तितकी अशी निराशा पदरी पडण्याचा संभव अधिक.

व्यवहारातील नियम या विवेचनातून आपोआप निघतात. पाळी नियमित असल्यास ती चुकल्याच्या दिवसानंतर, व शक्य तर आठवडाभराने, सकाळच्या पहिल्या मूत्राची परीक्षा करावी. पाळी अनियमित असल्यास शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी ती करावी. शुक्रजंतू सुमारे ५ दिवस जिवंत राहू शकतात, रोपणास १२ पर्यंत दिवस लागू शकतात व संप्रेरक वाढण्यास आणखी काही दिवस हवेत. हा हिशेब त्यात येतो. नकार आला व पाळी आली नाही, तर आठवड्याने चाचणी पुन्हा करावी.

होकाराचा अर्थही मर्यादित आहे. गर्भ कोठे रुजला हे पट्टी सांगत नाही. शंभरांत एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर, बहुधा अंडवाहिनीत, होतात. पोटात तीव्र वेदना, रक्तस्राव, खांद्यात कळ किंवा घेरी ही लक्षणे असल्यास पट्टीचे उत्तर काहीही असो, तत्काळ रुग्णालय गाठणे अवश्य आहे.

लवकर कळण्याचे महत्त्व केवळ कुतूहलाचे नाही. गर्भाची चेतानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत, म्हणजे पाळी चुकल्यावर दोनच आठवड्यांत, मिटते. फॉलिक आम्लाचा उपयोग मुख्यतः तोवरच असतो. मद्य व काही औषधे टाळण्याचा काळही हाच. गर्भ नको असल्यास १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने, व २०२१ च्या दुरुस्तीने, आखून दिलेल्या मुदतीही आठवड्यांतच मोजल्या जातात. आशा कार्यकर्तीमार्फत 'निश्चय' या नावाची चाचणी गावोगावी पोचविण्याची शासकीय योजना याच कारणाने मोलाची ठरते. परंतु पट्टीबरोबर तिच्या नकाराचा खरा अर्थही पोचला पाहिजे. अन्यथा घाईने मिळालेल्या एका नकारावर विसंबून एखादी स्त्री ज्या आठवड्यांची तिला सर्वाधिक गरज आहे, नेमके तेच आठवडे गमावून बसेल.