वाटसरू पाखरांचा आश्विन

भिगवणला मोटारींची रांग लागते ती डिसेंबर-जानेवारीत. रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे, होडीतून मिळणारे फोटो, परतताना माशाचं जेवण. हिवाळी पाहुण्यांशी बहुतेकांची ओळख इथेच होते. पण वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी मंडळी वाट पाहतात ती सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांची. जानेवारीतले पक्षी स्थिरावलेले असतात; आज हुकले तर पुढच्या रविवारी भेटतात. आश्विन-कार्तिकात मात्र मुक्कामाला येणारे, नुसते वाटेवरून जाणारे आणि इथून निघालेले असे तिन्ही प्रकारचे पक्षी एकाच वेळी दिसतात, आणि त्यातले काही जेमतेम दोन-तीन आठवडे.

काही पाखरं तर पाऊस संपायचीही वाट पाहत नाहीत. हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी ऑगस्टमध्येच डबक्यांच्या काठी हजर होतात. उत्तरेकडचा उन्हाळा अगदी तोकडा असतो; वीण उरकली की मोठ्या पक्ष्यांना तिथे थांबायचं कारण उरत नाही. त्यांच्या मागोमाग सह्याद्रीच्या ओढ्यांवर करडा धोबी येतो. ही पाखरं ठिकाण किती नेमकं लक्षात ठेवतात, हे पायात कडी घातल्यामुळे कळलं. कडी घातलेला एक करडा धोबी दर हिवाळ्यात मुंबईतल्या एका बागेतल्या त्याच इवल्याशा हिरवळीवर परतत असे, हे डॉ. सालिम अली यांनी लिहून ठेवलं आहे.

पुण्याजवळच्या कवडीपाटला ऑक्टोबरात पांढरा, पिवळा, करडा असे सगळे धोबी एकाच बंधाऱ्याच्या आसपास सापडतात. पाणी काळं, फेसाळलेलं असतं, काठावर शहराचा कचरा अडकलेला असतो. तरी किडे मुबलक असल्यामुळे पक्षी येतात. इथे नवख्यांची एक गफलत होते. काळ्या डोक्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला, अंगानेही मोठा कवड्या धोबी पाहुणा नसतो, तो बारमाही इथलाच. पांढऱ्या धोब्याचा चेहराच पांढरा असतो.

गावाकडे मात्र पाहुण्यांची वर्दी देतात त्या भोरड्या. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्या उतरायला लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. ज्वारी निसवून दाणा चिकात आला की थवेच्या थवे शेतावर कोसळतात. मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत दिवसभर राखण करणं आलं. शेतकऱ्याचा राग खराच आहे, नुकसानही खरं आहे. पण हाच पक्षी नाकतोडे आणि टोळ अधाशासारखे खातो. त्याची वीण पूर्व युरोप आणि मध्य आशियात, टोळ भरपूर असतील तिथे होते. चीनच्या शिनच्यांग प्रांतात तर टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरड्यांना घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडविटांची बांधकामं उभारली गेली. एकीकडे गोफण, एकीकडे घरकुल! ऑक्टोबरात थवा जवळून पाहिला तर गुलाबी अंग आणि काळं डोकं थोड्यांचंच दिसतं. बाकीची मळकट, मातकट रंगाची असतात ती याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं.

रंगांचा हा घोळ बदकांमध्ये तर फारच होतो. सगळ्यांच्या आधी येणारं भुवई बदक घ्या. नराच्या डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरीशुभ्र पट्टी ही त्याची पुस्तकातली खूण. ती शोधत बसलं तर शरदात एकही नर सापडायचा नाही, कारण विणीनंतर नर पिसं टाकतो आणि मादीसारखा तपकिरी होतो. ती पट्टी परत येते हिवाळ्याच्या अखेरीस. तोवर उडताना दिसणारा पंखाचा निळसर राखी भाग हीच नराची खात्रीची खूण.

बदकं पाहायला या दिवसांत भिगवणच्या उजनी जलाशयापेक्षा नांदूरमध्यमेश्वर बरं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे पाणी उथळ आणि पाणवनस्पतींनी भरलेलं आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. उजनी पावसानंतर तुडुंब असते, चिखलाचे काठ पाण्याखाली असतात. पाणी ओसरू लागलं की मगच भिगवणचं खाद्य उघडं पडतं.

निघणाऱ्यांमध्ये चातकाची गोष्ट विलक्षण आहे. जूनमध्ये आलेला चातक सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. पिल्लाला वाढवतात सातभाई, जे जन्मभर त्याच शिवारात राहतात. तरीही हे पिल्लू शरदात, वाट दाखवायला कोणी नसताना, आफ्रिकेकडे निघतं. त्याच सुमाराला युरोपीय नीलपंख आणि निळ्या गालाचे राघू आफ्रिकेला जाताना पश्चिम भारतावरून पुढे सरकतात. दसऱ्याला नीलपंखाचं दर्शन शुभ मानणाऱ्यांनी तारेवर बसलेल्या पक्ष्याची छाती जरा निरखून पाहावी. आपल्या नीलपंखाची छाती तपकिरी, या वाटसरूची निळी.

माळरानांवर याच दिवसांत भोवत्ये येतात. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून आलेले हे शिकारी पक्षी दिवसभर गवतावरून खाली खाली तरंगत नाकतोडे, उंदीर, पाखरं टिपतात आणि रात्री झाडावर नव्हे, उंच गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. माळ नांगरला, प्लॉट पाडले किंवा हिरवाईच्या हौसेने तिथे झाडं लावली, तरी त्यांची रात्रीची जागा गेलीच. सरकारी दप्तरात माळाला ‘पडीक’ म्हटलं जातं, हे या पक्ष्यांचं सर्वांत मोठं दुर्दैव आहे. सासवड-जेजुरीकडचे माळ अजून थोडेफार शिल्लक आहेत, तोवर तिथल्या नोंदी व्हायलाच हव्यात.

त्याला मुहूर्तही आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. शाळेच्या वहीत तारीख, जागा, पक्षी आणि संख्या लिहिली तरी पुरे. पहिला धोबी कधी दिसला आणि शेवटचा चातक कधी, या दोन तारखा एकाच गावात दहा वर्षं लिहिल्या गेल्या, तर त्यांचं मोल महागड्या कॅमेऱ्यातल्या फोटोपेक्षा जास्त आहे.

सगळ्यात उशिरा जाणारा वाटसरू म्हणजे अमूर ससाणा. दोनशे ग्रॅमही न भरणारा हा पक्षी पूर्व सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. नागालँडमधल्या डोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये जाळी लावून हजारो ससाणे मारले गेले. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. २०१३ च्या नोव्हेंबरात तिथे तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावली, तेव्हा त्यांची वाट उलगडली: भारत ओलांडून अरबी समुद्र, आणि मग मध्ये कुठेही न थांबता सुमारे ३००० किलोमीटर सोमालियापर्यंत. त्याच दिवसांत चतुर किड्यांचे थवेही ईशान्येच्या वाऱ्यावर समुद्रापार जातात आणि ससाण्यांना वाटेत तेच खाद्य मिळत असावं, असा तर्क जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडला. लोणावळ्याच्या पठारांवर हे ससाणे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला उतरतात. सकाळी तारांवर आणि उघड्या गवतावर नजर ठेवावी लागते. लाल पाय आणि नराच्या पंखाखालचा पांढरा भाग दिसला की ओळख पटली. थवा दोन-चार दिवसांत पुढे निघून जातो, त्यामुळे बातमी कळल्यावर रविवारची वाट पाहू नये.