कारखान्याला लवचीकपणा किती हवा?

मोटारींचा कारखाना उभारताना कोणत्या मॉडेलला किती मागणी येईल, याचा आपल्याला फक्त अंदाज असतो. तो चुकला की एका कारखान्यात यंत्रं आणि माणसं कामाविना बसून राहतात आणि दुसऱ्याच्या दारातून गिऱ्हाईक परत जातं. यावर उपाय म्हणजे लवचीकपणा: एकाच कारखान्यात अनेक मॉडेल बनवण्याची सोय. पण प्रत्येक जादा मॉडेलसाठी साचे, यंत्रं, प्रशिक्षण असा मोठा खर्च येतो. मग लवचीकपणा ठेवायचा तरी किती?

एक गणित करून पाहू. फळ्यावर तीन कारखाने आणि समोर अ, ब, क ही तीन मॉडेल मांडू. प्रत्येक कारखाना आठवड्याला 100 गाड्या बनवतो. जो कारखाना जे मॉडेल बनवू शकतो, तिथपर्यंत एक रेघ ओढू. जितक्या रेघा, तितका खर्च.

आधी प्रत्येक कारखान्याला एकच मॉडेल देऊ. मागणी आली अ 140, ब 60, क 100. गाड्या विकल्या जातील 100 + 60 + 100 = 260. अ चे 40 ग्राहक परत गेले आणि दुसऱ्या कारखान्याची 40 गाड्यांची क्षमता वाया गेली!

आता पहिल्याला अ-ब, दुसऱ्याला ब-क आणि तिसऱ्याला क-अ बनवू द्या. पहिला अ च्या 100 गाड्या करील. तिसरा अ च्या उरलेल्या 40 आणि क च्या 60 करील. दुसरा ब च्या 60 आणि क च्या राहिलेल्या 40 करील. सगळ्या 300 गाड्या विकल्या गेल्या! दुसऱ्या कारखान्याला अ बनवता येत नाही, तरी त्याची रिकामी क्षमता साखळीतून अ पर्यंत पोचली. सगळीकडे सगळं बनवायला 9 रेघा लागल्या असत्या; आपलं काम 6 रेघांत झालं.

जनरल मोटर्सचे विल्यम जॉर्डन आणि एमआयटीचे स्टीफन ग्रेव्ह्‌ज यांनी 1995 साली हेच 10 कारखाने आणि 10 मॉडेल घेऊन तपासलं. लवचीकपणा नसताना क्षमतेचा वापर सरासरी सुमारे 85 टक्के होता, तर पूर्ण लवचीकपणा असताना सुमारे 95 टक्के. पूर्ण लवचीकपणाला 100 रेघा लागतात. 20 रेघांच्या एका अखंड साखळीनं जवळजवळ तेवढाच फायदा दिला. त्याच 20 रेघा वापरून दोन-दोन कारखान्यांच्या सुट्या जोड्या केल्या, तर फायदा बराच घटतो. म्हणजे रेघा नुसत्या मोजून भागत नाही. त्या कुठं ओढल्या हेही पाहावं लागतं.

अर्थात सगळ्याच मॉडेलची मागणी एकदम वाढली, तर लवचीकपणा कामाचा नाही. तिथं क्षमताच वाढवायला हवी.

वर्गात 60, 80, 100, 120, 140 अशा चिठ्ठ्या करा. प्रत्येक मॉडेलसाठी एक चिठ्ठी उचला आणि परत ठेवा. 6 रेघांची आणि 9 रेघांची विक्री मुलांना काढू द्या. दोन्हींत एकदा तरी फरक पडतो का? पडत नसेल, तर का, हे त्यांनाच शोधू द्या.