सोनोग्राफी : योग्य आठवड्यात करा, फाइल सोबत ठेवा

‘सोनोग्राफीनं बाळाला किरणं लागतात का हो?’ गरोदर बाईसोबत आलेल्या सासूबाईंचा हा प्रश्न हमखास असतो. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, त्यामुळे पालघर-बोईसर पट्ट्यात किरणोत्सर्ग हा शब्द कुणालाच नवा नाही. पण सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. ती एक्स-रेसारखी तपासणी नव्हे. आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटातून आत जातात, बाळावर आदळून परततात आणि त्यांच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते. तरीही ती हौसेसाठी नाही, डॉक्टरांनी सांगितल्यावरच करावी.

कधी करायची, हे सर्वात महत्त्वाचे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पिशवीतच आहे ना, बाळाचे ठोके आहेत ना, बाळ एक की जुळी, हे कळते आणि प्रसूतीची तारीख नक्की होते. १८ ते २० आठवड्यांत बाळाचा मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडे तपासतात. ही तपासणी लांबली आणि गंभीर व्यंग निघाले, तर पुढच्या निर्णयाला वेळ कमी उरतो. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची वाढ, गर्भजल आणि वारेची जागा पाहतात. वार खाली असेल तर जास्त रक्तस्रावाचा धोका असतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या बाईने अशा वेळी रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयाजवळ आधीच येऊन राहावे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर स्थलांतर करतात आणि नेमकी मधली तपासणी राहून जाते. निघण्यापूर्वी आशाताईंना सांगा. माता-बाल कार्ड आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. सरकारी रुग्णालयात गरोदरपणातील तपासण्या मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला खास तपासणी असते.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सोनोग्राफीत सगळीच व्यंगे दिसत नाहीत. आईचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर वेगळी तपासावी लागते. रक्त गेले, पाणी गेले, डोके खूप दुखले किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. तो गुन्हा आहे. बाळ सुखरूप आहे ना, एवढेच विचारा.