फारसी मुले इंग्रजी कशी शिकतात

आपल्याला इंग्रजी अवघड वाटते. इराण देशातल्या मुलांनाही ते अवघड वाटते. त्यांची भाषा फारसी. ती उजवीकडून डावीकडे लिहितात. आपण पहिलीपासून इंग्रजी शिकतो. इराणच्या सरकारी शाळेत ते सातवीपासून असते. 2018 साली तिथे प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला बंदीच केली. गुरुजींनी सांगितलेली माहिती मी लिहीत आहे.

फारसी आपल्याला अगदी परकी नाही. बाजार, शहर, हजार, जमीन हे शब्द फारसीतूनच मराठीत आले. "मन केताब खरीदम" म्हणजे "मी पुस्तक खरेदी केले". मन म्हणजे मी. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी! इंग्रजीत ते मध्ये येते, "आय बॉट अ बुक". म्हणून त्यांना आणि आपल्याला, दोघांनाही शब्दांच्या जागा बदलाव्या लागतात. "द" सारखा शब्द मराठीत नाही, फारसीतही नाही. त्यामुळे तो दोघांकडूनही राहून जातो.

पण काही चुका त्यांच्याच असतात.

1) फारसीत तो आणि ती यांना एकच शब्द आहे, "ऊ". म्हणून ती मुले आईला "शी" म्हणायचे सोडून "ही" म्हणतात. आपल्याकडे तो, ती वेगळे आहेत, म्हणून आपल्याला हे सोपे जाते.

2) फारसीत आकड्यापुढे अनेकवचन करत नाहीत. एक केताब, दो केताब. दोन म्हटल्यावर जास्त आहेत हे कळलंच की! म्हणून ती मुले "टू बुक्स" ऐवजी "टू बुक" म्हणतात.

3) फारसीत कुत्र्यापासून घाबरतात. म्हणून ती मुले "अफ्रेड फ्रॉम" म्हणतात. इंग्रजीत तिथे "ऑफ" पाहिजे.

4) फारसीत विशेषण नामाच्या मागून येते. मोठे पुस्तक म्हणजे "केताब-ए बोजोर्ग". गंमत म्हणजे आपल्याकडे गावांच्या नावाला बुद्रुक आणि खुर्द लावतात, ते शब्दही फारसीतलेच. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे लहान. तेसुद्धा नावाच्या मागूनच येतात. इंग्रजीत मात्र आधी "बिग", मग "बुक". आपल्या मराठीसारखंच.

यावरून काय कळते? ती मुले ढ नाहीत. त्यांच्या डोक्यात घरच्या भाषेचे नियम पक्के बसलेले असतात. नवी भाषा बोलताना तेच नियम आधी पुढे येतात. पुष्कळ ऐकून, वाचून आणि बोलून इंग्रजीचे नियम हळूहळू बसतात. बोललेच नाही तर बसणार कसे?

आपल्या वर्गात काही जण घरी अहिराणी बोलतात, काही जण गोरमाटी. ते वाचायला उभे राहिले की कुणीतरी फिदीफिदी हसतं. मग ते दुसऱ्या दिवशी हातच वर करत नाहीत. म्हणून कुणीही हसू नये. आलेल्या पालकांनाही विनंती आहे, घरी मूल चुकले तरी त्याला बोलू द्या.

– इयत्ता चौथी