मातीतील अदृश्य सोबती

श्रावण सरत आला आहे. विदर्भातील एक शेतकरी आपल्या शेताच्या बांधावर उभा आहे. सोयाबीनला शेंगा धरू लागल्या आहेत. परंतु दोन आठवडे झाले, पावसाचा थेंब नाही. काळ्या जमिनीला भेगा पडल्या आहेत आणि दुपारच्या उन्हात झाडांनी माना टाकल्या आहेत. दाणे भरण्याच्या याच काळात पिकाला पाणी हवे असते. शेतात विहीर नाही. अशा वेळी पिकाच्या साहाय्याला कोण येणार?

मुलांनो, काही साहाय्यक त्या शेतकऱ्याच्या पायांखालीच आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, इतकेच. चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदत असतात. त्यांतील काही रोगकारक असतात हे खरे. तथापि पुष्कळसे वनस्पतींचे सोबती आहेत.

सोयाबीनचे एखादे रोप हलकेच उपटून पाहा. त्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी दिसतील. गाठ फोडली, तर आत गुलाबी रंग आढळतो. हा रोग नव्हे. ही रायझोबियम गटातील जिवाणूंची घरे होत. हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजन असतो. पण वनस्पतींना तो हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू तो पकडून रोपाला देतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये या गाठींचे कार्य जगापुढे मांडले.

परंतु पाणी आटले की गाठींचे कामही मंदावते. तेव्हा दुसरे सोबती उपयोगी पडतात. एका जातीची बुरशी मुळांत शिरून राहते आणि आपले धागे दूरवर मातीत पसरते. हे धागे मुळांवरील रोमांहूनही बारीक असतात. मातीच्या ज्या फटींत मूळ शिरू शकत नाही, तेथील ओल आणि स्फुरद ते रोपाला आणून देतात. काही जिवाणू मुळांभोवती चिकट द्रव्य पसरतात. ओल्या फडक्याप्रमाणे ते ओलावा धरून ठेवते.

आणखी एक नवल ऐका. अढीत घातलेले आंबे ज्या इथिलीन वायूमुळे पिकतात, तोच वायू तहानलेल्या झाडातही वाढतो आणि मुळांची वाढ रोखतो. काही जिवाणू हा वायू ज्या द्रव्यापासून बनतो, तेच खाऊन टाकतात. त्यामुळे मुळे ओलीच्या शोधात खोल जात राहतात.

सोयाबीन मूळचे चीनकडचे. ज्या जमिनीत ते पूर्वी पिकलेले नाही, तेथे त्याच्या गाठींचे जिवाणू बहुधा नसतात. म्हणून पेरणीपूर्वी जिवाणू संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियांना हलक्या हाताने चोळतात. बी सावलीत सुकवून लगेच पेरतात. कारण कडक उन्हात हे जीव मरतात. शेणखत घातल्याने आणि पिकाचे अवशेष न जाळल्याने मातीतील जीवसृष्टी टिकून राहते.

सूक्ष्म जीव पाऊस पाडू शकत नाहीत. जमिनीतील ओल पूर्णपणे संपली, तर तेही हतबल होतात. परंतु पावसाच्या खंडात पीक आणखी काही दिवस तग धरू शकले, तरी पुढच्या सरीपर्यंत ते वाचण्याची आशा असते. मात्र ही सोबत मिळावी म्हणून शेतकऱ्याला आधीच जागे राहावे लागते. श्रावणातील संकटाची तयारी पेरणीच्या दिवशीच करावी लागते.