शेवाळ समजून ज्याला ओलांडून जाता, ते असू शकतं एका पेशीच्या जाडीचं नेचं!

पावसाळ्यात ओढ्याकाठचा कातळ हिरवागार दिसला की आपण म्हणतो, "शेवाळ आहे, जपून पाय टाक!" आणि पुढे जातो. पण आशियातल्या दमट जंगलांत अशा कातळावरची प्रत्येक हिरवी गोष्ट शेवाळ नसते. काही वेळा ते चक्क नेचं म्हणजे फर्न असतं.

त्यातलंच एक म्हणजे क्रेपिडोमॅनिस मिनुटम. जावा बेटावरच्या वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या कार्ल ब्लूम यांनी १८२८ मध्ये त्याचं वर्णन केलं. मिनुटम म्हणजे अगदी लहान, आणि नावाप्रमाणेच याचं पंख्यासारखं पान साधारण एक-दोन सेंटीमीटरचं, म्हणजे नखाएवढं असतं.

'फिल्मी' का म्हणतात?

याचा सिनेमाशी काही संबंध नाही! फिल्म म्हणजे पातळ पापुद्रा. नेहमीच्या झाडाच्या पानात पेशींचे अनेक थर असतात. फिल्मी फर्नच्या पानात शिरा सोडल्या तर बहुतेक वेळा पेशींचा एकच थर असतो. म्हणूनच पान उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं.

मग हे जगतं कसं?

बाकीच्या झाडांच्या पानांवर मेणासारखा थर असतो, तो पाणी आत धरून ठेवतो. हवा आत-बाहेर जायला बारीक छिद्रं असतात. फिल्मी फर्नकडे ही छिद्रं नसतात आणि मेणाचा थरही जवळपास नसतोच. प्रत्येक पेशी थेट हवेला लागून असल्यामुळे छिद्रांची गरजच पडत नाही. पाऊस, धुकं, धबधब्याचे तुषार हे सगळं पान स्वतःच शोषून घेतं. क्रेपिडोमॅनिस मिनुटमला तर खरी मुळंही नसतात. दोऱ्यासारखं बारीक खोड आणि त्यावरचे केस यांच्या आधाराने ते दगडाला किंवा बुंध्याला चिकटून राहतं.

पण पाणी जितक्या सहज आत येतं, तितक्याच सहज बाहेरही जातं. हवा कोरडी झाली की पान आक्रसतं. या कुळातल्या अनेक जाती थोडा काळ अशा सुकून पुन्हा पावसात टवटवीत होतात. मात्र या सहनशक्तीला मर्यादा आहे.

शेवाळ आहे की नेचं, कसं ओळखायचं?

साधं भिंग घ्या. पानात शिरा दिसल्या आणि टोकांना इवले कर्णे दिसले, तर ते नेचं असू शकतं. या कर्ण्यांत बीजाणू तयार होतात. ते हिरवे आणि अल्पायुषी असतात, त्यामुळे ओली जागा लवकर मिळाली तरच ते रुजतात.

धोका कुठे आहे?

कुऱ्हाड या नेच्यावर पडायची गरजच नाही. वरची मोठी झाडं गेली की ऊन थेट कातळावर येतं आणि ओलावा उडतो. ओढ्याचं पाणी वळवलं तरी तेच. कातळ जागेवर असतो, पण त्यावरचं नेचं राहत नाही.

दुसरा धोका आपल्या हौसेचा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे जमवण्याचं खूळ पसरलं होतं. काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी लोकांनी किलार्नी फर्न हे याच कुळातलं नेचं इतकं ओरबाडलं, की ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ते दुर्मिळ झालं. आज तिथे त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्या पश्चिम घाटातही फिल्मी फर्न आहेत. कधी दिसलंच, तर भिंगातून बघा, फोटो काढा, पण खरवडून घरी आणू नका. खोलीतल्या पंख्याच्या वाऱ्यात हे पान फार काळ टिकणार नाही. त्याला लागणारी दमट सावली जंगलातच मिळते.